खरखरीवर मात करणारा अभियंता : एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग

३१ जानेवारी १९१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये २२ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने कागदावर काढलेली एक आकृती नोटरीसमोर ठेवली आणि तीवर तारखेची रीतसर नोंद करून घेतली. पेटंटचा अर्ज करण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते आणि पदवी हाती येईपर्यंत या कामासाठी पैसे देण्यास वडील राजी नव्हते. आपली कल्पना कोणत्या दिवशी अस्तित्वात होती याचा पुरावा तरी असावा, एवढाच त्या नोंदीचा हेतू होता. त्या साध्या आकृतीतील विद्युतमंडलाने रेडिओचे तंत्र बदलले. त्या विद्यार्थ्याचे नाव एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग.

आज मोटारीत बसून एफएम वाहिनी लावणारा श्रोता, पोलिसांच्या गाडीतील बिनतारी संच आणि खिशातील भ्रमणध्वनी या सर्वांच्या मुळाशी आर्मस्ट्राँग यांच्या एक ना एका शोधाचा धागा सापडतो. मात्र या शोधांचे श्रेय मिळवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी त्यांना जे मोल द्यावे लागले, त्याची कथा या शोधांइतकी परिचित नाही.

माळ्यावरची खोली

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. वडील जॉन हे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत नोकरीस होते, तर आई एमिली विवाहापूर्वी शिक्षिका होत्या. बालपणी झालेल्या एका आजाराने त्यांच्या चेहऱ्याच्या आणि खांद्याच्या स्नायूंना अनैच्छिक झटके येऊ लागले. त्यामुळे सुमारे दोन वर्षे त्यांचे शिक्षण घरीच झाले. हे झटके पुढे जन्मभर राहिले आणि मनावर ताण आला की ते वाढत. एकांतप्रिय स्वभाव आणि हाती घेतलेले काम न सोडण्याची वृत्ती ही त्या वर्षांची देणगी मानली जाते.

कुटुंब हडसन नदीकाठच्या योंकर्स या गावी राहायला गेले. तेथील घराच्या माळ्यावरील खोली ही त्यांची पहिली प्रयोगशाळा ठरली. मार्कोनी यांच्या बिनतारी संदेशांच्या बातम्यांनी त्या पिढीतील असंख्य मुलांना झपाटले होते. आर्मस्ट्राँग यांनी अंगणात १२५ फूट उंचीचा अँटेनाचा खांब स्वतःच्या हातांनी उभारला आणि त्यावर ते निर्धास्तपणे चढत असत. उंचीचे हे आकर्षण त्यांना अखेरपर्यंत राहिले.

त्या काळातील ग्राहक संच अत्यंत दुबळे होते. अँटेनावर येऊन आदळणाऱ्या लहरींचे अस्तित्व ओळखण्यासाठी धातूच्या कणांनी भरलेल्या नळ्या किंवा स्फटिक वापरले जात. गॅलिना या खनिजाच्या अशाच एका शोधकाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये कोलकात्याच्या जगदीशचंद्र बसू यांना मिळाले होते. ही साधने संकेत ओळखत, मात्र त्याचे बळ वाढवू शकत नसत. अँटेनाने जेवढी ऊर्जा गोळा केली तेवढ्यावरच कानाला भागवावे लागे. म्हणूनच दूरच्या केंद्राचा आवाज ऐकण्यासाठी डोक्याला ध्वनिग्राहक लावून आणि श्वास रोखून बसण्यावाचून गत्यंतर नव्हते.

विद्युतमंडलातील वळसा

१९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी ऑडिऑन नावाची निर्वात नलिका तयार केली होती. तिच्यात तापलेली तार, धातूची पट्टी आणि त्या दोहोंमध्ये बसवलेली तारेची जाळी, असे तीन भाग होते. जाळीवर दिलेल्या किंचित विद्युतदाबाने पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-अधिक करता येत असे. ही नलिका नेमके कसे काम करते, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मात्र कोणापाशीच नव्हते.

कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना आर्मस्ट्राँग यांनी हा प्रश्न हाती घेतला. तर्क लढवण्याऐवजी त्यांनी नलिकेतील प्रवाह मोजला आणि त्याचे आलेख काढले. पट्टीकडून बाहेर पडणाऱ्या प्रवाहातही मूळ संकेताची स्पंदने शिल्लक असतात, हे त्यांच्या लक्षात आले. ही स्पंदने पुन्हा जाळीकडे वळवली तर ती दुसऱ्यांदा वाढतील, तेथून तिसऱ्यांदा, आणि अशा रीतीने क्षीण संकेत शेकडो पटींनी बलवान होईल, असा त्यांचा विचार होता. सप्टेंबर १९१२ मध्ये योंकर्सच्या घरी त्यांनी तशी जोडणी केली आणि एरवी कानावर पडणेही कठीण असलेली केंद्रे खोलीभर ऐकू येऊ लागली.

या पुनर्भरणाची आणखी एक बाजू होती. वळसा एका मर्यादेपलीकडे घट्ट केला की नलिका बाहेरच्या संकेताची वाट न पाहता स्वतःच अखंड आंदोलने निर्माण करू लागते. म्हणजे जे विद्युतमंडल ऐकू शकत होते, तेच आता लहरी निर्माण करू शकत होते. ठिणग्या उडवणाऱ्या आणि प्रचंड विद्युतजनित्रांवर चालणाऱ्या प्रक्षेपकांची जागा काचेची एक छोटी नलिका घेऊ शकणार होती. आजच्या प्रत्येक प्रक्षेपकात वाहक लहर निर्माण करणारा आंदोलक याच तत्त्वावर चालतो.

पदवी मिळाल्यानंतर, २९ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज दाखल केला. पुढच्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, न्यू जर्सीमधील बेलमार येथे मार्कोनी कंपनीच्या केंद्रावर या संचाची परीक्षा झाली. आयर्लंडपासून होनोलुलूपर्यंतचे संकेत त्या रात्री स्पष्ट ऐकू आले. कंपनीच्या वतीने हजर असलेला तरुण अधिकारी होता डेव्हिड सार्नॉफ. रशियन साम्राज्यातून लहानपणी स्थलांतरित होऊन आलेला आणि स्वकर्तृत्वाने वर चढलेला हा माणूस पुढे अमेरिकेतील सर्वांत मोठ्या रेडिओ कंपनीचा, म्हणजे आरसीएचा, प्रमुख झाला. आर्मस्ट्राँग यांच्या आयुष्यातील सर्वांत जवळची मैत्री आणि सर्वांत कडवे वैर, ही दोन्ही याच एका नावाशी जोडलेली आहेत.

पॅरिसमधील दुसरा शोध

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी लष्कराच्या संदेशवहन विभागात दाखल झाले आणि पॅरिसमधील प्रयोगशाळेत काम करू लागले. अतिउच्च वारंवारतेच्या क्षीण लहरी पकडण्याचा प्रश्न तेथे समोर होता. त्या काळच्या नलिकांना इतक्या वेगवान लहरींचे वर्धन करणे जमत नसे.

आर्मस्ट्राँग यांनी लहरींचा वेग नलिकेला झेपेल इतका खाली आणण्याची युक्ती केली. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित वेगळ्या स्वरात असल्या की त्यांच्या मिलाफातून एक संथ हेलकावा कानाला जाणवतो. त्याचा वेग दोन स्वरांतील फरकाइतका असतो. याच न्यायाने येणाऱ्या लहरीत संचातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळली, तर त्यांच्या फरकाइतकी एक मधली वारंवारता मिळते. मूळ संकेतातील संदेश तिच्यावर जसाच्या तसा उतरतो. दोन लहरींच्या मिश्रणाचे तत्त्व कॅनडात जन्मलेले संशोधक रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पूर्वीच मांडले होते. मात्र प्रत्येक केंद्राचा संकेत एकाच ठरावीक मधल्या वारंवारतेवर आणून तेथे त्याचे मनसोक्त वर्धन करायचे, या विचारामुळे रेडिओ संचाची रचनाच बदलली. या पद्धतीला सुपरहेटरोडाइन असे नाव पडले. फ्रान्समध्ये ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉटकी हेही स्वतंत्रपणे याच दिशेने विचार करत होते आणि पेटंटच्या वादात लेव्ही यांच्या दाव्यांना पुढे महत्त्वही मिळाले. तथापि, चालणारा संच उभा करून दाखवण्यात आर्मस्ट्राँग यांचा वाटा निर्विवाद आहे.

भारतात घरोघरी असलेल्या मध्यम लहरींच्या रेडिओ संचांतही हीच पद्धत होती. समजा, केंद्र १००० किलोहर्ट्झवर असेल, तर संचातील आंदोलक १४५५ किलोहर्ट्झवर चाले आणि उरलेल्या ४५५ किलोहर्ट्झच्या फरकावर सारे वर्धन होई. केंद्र बदलताना फिरवली जाणारी खुंटी याच आंदोलकाची वारंवारता बदलत असे.

युद्धानंतर मेजर ही पदवी आणि फ्रान्सचा लिजन ऑफ ऑनर हा सन्मान घेऊन आर्मस्ट्राँग मायदेशी परतले. पहिली दोन पेटंट त्यांनी वेस्टिंगहाउस कंपनीला विकली. १९२२ मध्ये आणखी एका वर्धन पद्धतीच्या मोबदल्यात आरसीएने त्यांना दोन लाख डॉलर आणि ६० हजार समभाग दिले. वयाच्या पस्तिशीपूर्वीच ते श्रीमंत झाले होते. १ डिसेंबर १९२३ रोजी त्यांचा विवाह मॅरियन मॅकिनिस यांच्याशी झाला. मॅरियन या सार्नॉफ यांच्याच सचिव होत्या. विवाहाची भेट म्हणून आर्मस्ट्राँग यांनी त्यांना स्वतः बनवलेला, सोबत नेता येण्याजोगा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला. समुद्रकिनाऱ्यावर तो भलामोठा पेटारा ऐकत बसलेल्या या दांपत्याचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

न्यायालयाचे सत्य

दरम्यान, पुनर्भरणाच्या शोधावर डी फॉरेस्ट यांनी हक्क सांगितला होता. ऑगस्ट १९१२ मध्ये आपल्या सहायकाच्या वहीत एका दूरध्वनी वर्धकातून निघालेल्या चीत्काराची नोंद आहे आणि तोच पुनर्भरणाचा पहिला पुरावा होय, असा त्यांचा दावा होता. त्या चीत्काराचे कारण त्या वेळी ओळखले गेले होते का आणि त्याचा उपयोग केला गेला होता का, हा वादाचा गाभा होता. प्रथम निकाल आर्मस्ट्राँग यांच्या बाजूने लागले. त्या टप्प्यावर तडजोड करून प्रकरण मिटवणे शक्य होते. आर्मस्ट्राँग यांनी ती नाकारली. शोध कोणाचा, हा प्रश्न त्यांना वाटाघाटीचा विषय वाटत नव्हता.

डी फॉरेस्ट यांनी पेटंट कार्यालयातून वेगळी वाट धरली आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९२८ मध्ये आणि पुन्हा १९३४ मध्ये तेथे अखेरचा शब्द आर्मस्ट्राँग यांच्या विरोधात गेला. सुमारे दोन दशके चाललेल्या लढ्याचा हा शेवट होता. अभियंत्यांच्या मोठ्या वर्तुळाला मात्र हा निकाल तांत्रिकदृष्ट्या पटणारा नव्हता.

याच शोधासाठी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने पूर्वी आर्मस्ट्राँग यांना आपले पहिले मानपदक दिले होते. निकालानंतर फिलाडेल्फियात झालेल्या अधिवेशनात ते पदक परत करण्यासाठी ते स्वतः गेले. संस्थेच्या मंडळाने ते स्वीकारण्यास नकार दिला आणि सन्मान कायम असल्याचे जाहीर केले. सभागृहातील अभियंत्यांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. कायद्याने काढून घेतलेले श्रेय व्यवसायबंधूंनी त्यांच्या पदरात पुन्हा घातले.

खरखरीचे गणित

या साऱ्या काळात त्यांच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घोळत होता. वळवाच्या पावसात मध्यम लहरींवर बातम्या ऐकलेल्या कोणालाही तो समजेल. आभाळात वीज चमकली की रेडिओत तडतड होते आणि निवेदकाचा शब्द त्यात बुडतो. याचे कारण प्रक्षेपणाच्या पद्धतीतच आहे. आयाम मॉड्युलेशन, म्हणजे एएम पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार वाहक लहरीची उंची बदलली जाते. वीजही त्या उंचीतच भर घालते. ग्राहक संचाला आवाजाने बदललेली उंची आणि विजेने बदललेली उंची यांतील भेद कळण्याचा मार्ग नसतो.

लहरीची उंची स्थिर ठेवून तिची वारंवारता आवाजानुसार बदलण्याची कल्पना नवी नव्हती. तिचा वापर करून प्रक्षेपणाला लागणारी पट्टी अरुंद करता येईल, असे अनेकांना वाटत होते. १९२२ मध्ये गणितज्ञ अभियंते जॉन कार्सन यांनी ही आशा फोल असल्याचे सप्रमाण दाखवले. त्यांचे गणित अचूक होते. त्यातून निघालेला व्यापक निष्कर्ष मात्र असा झाला, की वारंवारता मॉड्युलेशन मुळातच निरुपयोगी आहे. बहुतेकांनी तो विषय तेथेच सोडून दिला.

आर्मस्ट्राँग यांनी प्रश्नच उलटा केला. पट्टी अरुंद करण्याऐवजी ती मुद्दाम रुंद केली तर काय होईल, हे त्यांनी पाहिले. विजेची किंवा नलिकेतील खरखर वाहक लहरीच्या वारंवारतेत थोडाफारच फेरफार घडवू शकते. आवाजामुळे होणारा फेरफार त्यापेक्षा कितीतरी मोठा ठेवला, तर खरखर त्याच्यापुढे नगण्य ठरते. राहिला उंचीचा प्रश्न. त्यासाठी ग्राहकात त्यांनी मर्यादक बसवला. तो लहरीची उंची एका पातळीवर छाटून टाकतो, आणि तिच्याबरोबर उंचीत घुसलेली खरखरही छाटली जाते. त्यानंतरचे विद्युतमंडल केवळ वारंवारतेतील बदल वाचते आणि त्याचा पुन्हा आवाज करते. ध्वनीची गुणवत्ता टिकवण्यासाठी वारंवारतेची पट्टी खर्च करावी लागते, हा या व्यवहाराचा सारांश. आजच्या एफएम केंद्रात वाहक लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. मध्यम लहरींवरील भारतीय केंद्रांमधील अंतर अवघे ९ किलोहर्ट्झ असते.

डिसेंबर १९३३ मध्ये या पद्धतीची पेटंट त्यांना मिळाली. सार्नॉफ यांनी कोलंबियात येऊन संच पाहिला. एम्पायर स्टेट इमारतीच्या ८५ व्या मजल्यावरील आरसीएची जागा प्रयोगांसाठी खुली झाली आणि १९३४ मध्ये शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर, विजांच्या कडकडाटातही, स्वच्छ ध्वनी ऐकू आला. एएम संचातून मात्र त्याच वेळी केवळ तडतड ऐकू येत होती. यानंतर कंपनीने हा शोध उचलून धरावा, अशी आर्मस्ट्राँग यांची अपेक्षा होती. सार्नॉफ यांचे लक्ष आणि कंपनीचे भांडवल दूरचित्रवाणीत गुंतले होते. चालू असलेला एएमचा व्यवसाय मोडून सर्व केंद्रे आणि सर्व घरांतील संच बदलण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. १९३५ मध्ये दूरचित्रवाणीच्या चाचण्यांसाठी ती जागा रिकामी करण्यास आर्मस्ट्राँग यांना सांगण्यात आले.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी आपला प्रबंध वाचला आणि श्रोत्यांना पूर्वसूचना न देता ग्राहक संच सुरू केला. योंकर्समधील एका मित्राच्या घरून प्रक्षेपण होत होते. पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज सभागृहात जसाच्या तसा उमटला. आवाज नसे तेव्हा संच पूर्ण शांत असे, आणि त्या काळातील रेडिओ अभियंत्यांना ही शांतता सर्वाधिक अनपेक्षित होती.

स्वखर्चाचा मनोरा

बड्या कंपनीचा पाठिंबा मिळत नाही हे पाहून आर्मस्ट्राँग यांनी स्वतःच्या पैशाने केंद्र उभारले. हडसनच्या पैलतीरावर, न्यू जर्सीतील अल्पाइन येथे, चारशे फुटांहून उंच असा तीन आडव्या भुजांचा मनोरा उभा राहिला. त्यासाठी त्यांनी तीन लाख डॉलरहून अधिक खर्च केला. बालपणीच्या घरातून दिसणाऱ्या कड्यावर हा मनोरा होता. १९३९ मध्ये तेथून पूर्ण शक्तीने प्रक्षेपण सुरू झाले. न्यू इंग्लंडमधील यांकी नेटवर्कनेही एफएमची कास धरली. १ जानेवारी १९४१ पासून फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात व्यावसायिक प्रक्षेपणास परवानगी दिली आणि दूरचित्रवाणीच्या ध्वनीसाठीही एफएमच निवडले गेले. आरसीएने परवान्यासाठी एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्या विक्रीच्या प्रमाणात मानधन देत असताना एकाच कंपनीस वेगळा न्याय लावणे आर्मस्ट्राँग यांना मान्य नव्हते. त्यांनी तो प्रस्ताव फेटाळला.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी आपली पेटंट अमेरिकी लष्कराला कोणतेही मानधन न घेता वापरू दिली. रणगाड्यांत इंजिनाच्या ठिणग्यांनी एएम संच निकामी होत. एफएम संचांवर त्यांचा परिणाम होत नसे. सैनिकांच्या पाठीवरील बिनतारी संचांतही हीच पद्धत आली.

युद्ध संपत आले तेव्हा, जून १९४५ मध्ये, कमिशनने एफएमला जुन्या पट्ट्यातून उचलून ८८ मेगाहर्ट्झच्या वर नेले. सूर्यावरील डागांच्या चक्रामुळे खालच्या पट्ट्यात दूरच्या केंद्रांचा अडथळा येईल, असे कारण देण्यात आले. आर्मस्ट्राँग यांनी ते अनुमान चुकीचे असल्याचे सांगितले, पण त्यांचे ऐकले गेले नाही. लोकांनी विकत घेतलेले काही लाख संच आणि उभी असलेली सर्व केंद्रे एका निर्णयाने कालबाह्य झाली. केंद्रांच्या शक्तीवरही मर्यादा आल्या. नव्याने सुरुवात करायची, तीही दूरचित्रवाणीच्या लाटेत, अशी एफएमची अवस्था झाली.

अखेरचा लढा

जुलै १९४८ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि तिच्या एनबीसी या कंपनीविरुद्ध पेटंटभंगाचा दावा दाखल केला. दूरचित्रवाणीच्या प्रत्येक संचात एफएम ध्वनी होता आणि त्याचे मानधन दिले जात नव्हते. सुनावणीपूर्वीच्या जबानीतच जवळपास वर्ष गेले. वकिलांच्या प्रश्नांना त्यांना दिवसेंदिवस उत्तरे द्यावी लागली. दरम्यान मूळ पेटंटची मुदत १९५० मध्ये संपली आणि उत्पन्नाचा तो झरा आटला. खटल्याचा, प्रयोगशाळेचा आणि अल्पाइन केंद्राचा खर्च मात्र थांबला नाही. कोलंबिया विद्यापीठात ते प्राध्यापक होते, पण तेथे त्यांनी पगार घेतला नव्हता.

१९५३ च्या अखेरीस पैसा संपत आला होता आणि प्रकृती ढासळली होती. खटल्याशिवाय त्यांना दुसरे काही सुचत नसे. तडजोड करून यातून बाहेर पडावे, असे मॅरियन यांना वाटत होते. नोव्हेंबरमध्ये पती-पत्नीत तीव्र वाद झाला आणि तीस वर्षांच्या संसारानंतर मॅरियन कनेक्टिकटमध्ये आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या. ३१ जानेवारी १९५४ रोजी आर्मस्ट्राँग यांनी पत्नीला पत्र लिहिले, तिला दुखावल्याबद्दल क्षमा मागितली आणि त्याच रात्री स्वतःचे जीवन संपवले. ते ६३ वर्षांचे होते. नोटरीसमोर ती आकृती ठेवल्याला त्या दिवशी ४१ वर्षे पूर्ण झाली होती.

त्यानंतरचा लढा मॅरियन यांनी चालवला. आरसीएशी त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे दहा लाख डॉलरवर तडजोड झाली. सुमारे चौदा वर्षांपूर्वी नाकारलेली रक्कमही जवळजवळ एवढीच होती. उरलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे मात्र त्यांनी एकामागून एक जिंकले. मोटोरोला कंपनीविरुद्धचा अखेरचा निकाल १९६७ मध्ये लागला. आर्मस्ट्राँग यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी, एफएमचे जनकत्व त्यांचेच असल्याबद्दल कोणत्याही न्यायालयात प्रश्न उरला नाही. ज्या सहचारिणीने त्यांना खटला सोडण्याची विनवणी केली होती, तिनेच तो तडीस नेला.

लहरींमधला वारसा

भारतात एफएम प्रक्षेपण २३ जुलै १९७७ रोजी आकाशवाणीने मद्रासमध्ये सुरू केले. १९२७ मध्ये याच तारखेला मुंबईत भारतातील नियमित रेडिओ प्रसारणाचा आरंभ झाला होता. २००१ मध्ये बंगळूरमध्ये पहिली खासगी वाहिनी सुरू झाली आणि पुढे मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर, हैदराबाद अशा शहरांत एफएम हेच रेडिओचे दुसरे नाव बनले. पावसाळ्यात घाटातून जाताना वीज चमकली तरी गाणे निर्वेध ऐकू येते, याचे श्रेय १९३३ च्या त्या पेटंटकडे जाते.

अंकीय संदेशवहनातही हा वारसा दिसतो. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात भारतातील पहिला भ्रमणध्वनी संवाद झाला, तो जीएसएम तंत्रावर. या तंत्रात आवाजाचे रूपांतर शून्य आणि एक अशा अंकांच्या मालिकेत होते. त्या अंकांनुसार वाहक लहरीची वारंवारता किंचित वर किंवा खाली सरकवली जाते आणि लहरीची उंची स्थिर राहते. उंची स्थिर असल्याने प्रक्षेपकाचा वर्धक पूर्ण कार्यक्षमतेने चालवता येतो आणि बॅटरी अधिक काळ पुरते. ब्लूटूथच्या मूळ पद्धतीतही हाच विचार आहे. पुढच्या पिढ्यांनी लहरीची उंची आणि कला या दोन्हींवर अंक लिहिण्याच्या गुंतागुंतीच्या पद्धती आणल्या, तरी संकेत खालच्या वारंवारतेवर आणणारे मिश्रक आणि लहर निर्माण करणारे आंदोलक आजही प्रत्येक संचात आहेत. फरक इतकाच, की एकेकाळी मेजभर पसरलेले विद्युतमंडल आता नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर मावते.

पट्टारुंदी आणि खरखर यांच्यातील नाते १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी गणिताच्या भाषेत सिद्ध केले. पट्टी रुंद करून खरखरीवर मात करता येते, हे आर्मस्ट्राँग यांनी त्यापूर्वीच विद्युतमंडल जोडून आणि लोकांना ऐकवून दाखवले होते. आज रेडिओ अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी पहिल्याच सत्रात ही देवाणघेवाण शिकतो.

अल्पाइनचा मनोरा अजून उभा आहे. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमधील जुळे मनोरे कोसळले आणि त्यांवरील अँटेना नष्ट झाल्या, तेव्हा शहरातील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी काही काळ याच मनोऱ्याचा आश्रय घेतला. बड्या कंपनीने आपल्या जागेतून हलवलेल्या एका प्राध्यापकाने स्वतःच्या पैशाने उभारलेला तो मनोरा, सहा दशकांनंतर संकटकाळात शहराच्या उपयोगी पडला.